चहा देऊन गेलेले काका कसे चालत होते?

ॲनिमेशनच्या प्रवेशासाठी पहिल्या मुलाखतीला गेले तेव्हा माझ्या फाइलमध्ये चाळीस चित्रं होती. पेन्सिल-शेडिंगमधली क्रिकेटपटू आणि नट्यांची पोर्ट्रेट्स, जपानी कार्टूनमधली मोठ्या डोळ्यांची मुलं, घडा-द्राक्षं-पडदा असं स्टिल लाइफ. क्लासमधल्या आम्हा सगळ्यांच्या फायली थोड्याफार फरकानं अशाच होत्या. समोरच्या बाईंनी माझी फाइल शेवटच्या पानापर्यंत शांतपणे पाहिली. इतक्यात चहा आला. चहा ठेवून काका बाहेर गेले आणि बाईंनी विचारलं, "आत्ता चहा देऊन गेले ते कसे चालत होते? काढून दाखव."

मी कागद घेतला, पेन्सिल टेकवली आणि तशीच बसून राहिले. काका उंच होते की ठेंगणे, हेही मला सांगता येईना. बाईंनी तीच पेन्सिल घेऊन पाच-सहा रेघा ओढल्या. डावा खांदा उतरलेला, ट्रे छातीशी धरलेला, पावलं छोटी आणि जमिनीला घासत जाणारी. चपलेचा अंगठा तुटला होता, ती निसटू नये म्हणून काका पाय उचलतच नव्हते. खोलीत आम्ही चौघं होतो. हे फक्त बाईंनी पाहिलं होतं.

त्या वर्षी माझा प्रवेश झाला नाही. पुढच्या वर्षी झाला. आज ॲनिमेशनच्या कामात मला चौदा वर्षं झाली. सुट्टीत भिलाईला आले की सेक्टरातली मुलंमुली वह्या-फायली घेऊन घरी येतात. ॲनिमेशनला जायचंय, पोर्टफोलिओ कसा करू, असं विचारतात. प्रत्येकाला तेच तेच सांगते, म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

१. आधी वही घेऊन स्टेशनवर जा

मुलाखतीहून परत आल्यावर आठवडाभर मी पेन्सिलीला हात लावला नाही. मग बाबा एका रविवारी म्हणाले, "चल, दुर्ग स्टेशनवर जाऊ. तिथं लोकं चालतेत का नाही ते पाहू." आम्ही प्लॅटफॉर्म तिकिटं काढली आणि बाकावर बसलो. मुंबई-हावडा मार्गावरचं ते मोठं स्टेशन. गाडी आली की पाच मिनिटांत शे-दोनशे माणसं डोळ्यांसमोरून जातात आणि एकही माणूस तुमच्यासाठी थांबत नाही.

पहिल्या दिवशी मला एकही चित्र पुरं करता आलं नाही. मी चेहऱ्यापासून सुरुवात करायची आणि नाकापर्यंत पोचेतो माणूस पुलावर चढलेला असायचा. तिसऱ्या-चौथ्या रविवारी हात बदलला. आधी पाठीच्या कण्याची एक रेघ, मग खांद्यांची आडवी, मग कमरेची आडवी. खांदा एकीकडे झुकला की कंबर बहुधा दुसरीकडे झुकते. मग वजन ज्या पायावर आहे तो पाय. एवढं तीस सेकंदांत जमलं तर माणूस कागदावर उभा राहतो. चेहरा नसला तरी चालतो.

ॲनिमेशन शिकवणारे याला जेश्चर ड्रॉइंग म्हणतात आणि पोर्टफोलिओत सगळ्यात आधी तेच शोधतात. त्याचं कारण साधं आहे. सॉफ्टवेअर संस्थेत शिकवता येतं, रंग शिकवता येतात. पाहायची सवय मात्र बरोबर घेऊन यावी लागते. डोक्यावर बोचकं घेतलेली बाई मान ताठ ठेवते आणि सगळी हालचाल कमरेतून करते. झोपलेलं मूल खांद्यावर असलेला बाप त्याच बाजूला कलत नाही, उलट बाजूला कलतो. हमाल ओझं उचलण्याआधी एक पाय मागे नेतो. हे सगळं मला दुर्गच्या एक नंबर प्लॅटफॉर्मनं शिकवलं.

रोज वीस चित्रं काढा. भिलाईत जागांना तोटा नाही. पॉवर हाऊस स्टेशन आहे, सुपेल्याचा रविवारचा बाजार आहे, सिव्हिक सेंटर आहे. दुपारी दोनला पाळी सुटते तेव्हा स्टील प्लांटच्या गेटबाहेर सायकली आणि मोटरसायकलींचा लोंढा निघतो, तोही आहे. गेटजवळ कॅमेरा काढू नका. वही घेऊन बसलात तरी सुरक्षारक्षकाला आधी सांगा. मला कुणी हाकललं नाही, उलट एकदा एका रक्षकानं स्वतःचं चित्र मागून घेतलं.

२. फोटोवरून काढलेलं चित्र लगेच ओळखू येतं

फोटोत कॅमेऱ्यानं सगळं आधीच सपाट केलेलं असतं. तुम्ही त्यातली सावली इमानेइतबारे उतरवता, पण मान खांद्यात कुठं रुतते हे तुम्हाला माहीत नसतं आणि ते चित्रात दिसतं. जपानी कार्टूनच्या नकलांचंही तेच. ती शैली वाईट मुळीच नाही. ज्यांनी ती घडवली त्यांनी आधी वर्षानुवर्षं खरी माणसं काढली होती. आपण त्यांचं उत्तर उतरवतो आणि गणित सोडवतच नाही. नट-नट्या आणि नकला फाइलमधून काढून टाका. घरात भिंतीवर लावा, आत्या-मामांना भेट द्या. फाइलमध्ये नकोत.

३. वजन कशाला म्हणतात ते बाबांना विचारा

माझे बाबा भिलाई स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये ओव्हरहेड क्रेन चालवायचे. अमरावतीहून आलेले, बोली अजून वऱ्हाडी. सोव्हिएत मदतीनं उभ्या राहिलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. देशभरातून इथं माणसं आली आणि त्यांच्याबरोबर शेकडो मराठी घरंही आली. आपल्या रेल्वेचे बरेच रूळ याच प्लांटमधून येतात. बाबांना चित्रातलं काही कळत नाही असं मी समजत होते.

त्या वर्षी मी उसळणारा चेंडू आणि झुलणारी पिशवी यांचा सराव करत होते. पिशवी काही केल्या खरी वाटत नव्हती. ती कागदावर लटकलेली वाटायची, हातात धरलेली वाटायची नाही. एका रात्री जेवण झाल्यावर बाबांनी किल्ल्यांचा जुडगा सुतळीला बांधला आणि सुतळीचं टोक चिमटीत धरून हात टेबलावरून डावीकडून उजवीकडे नेला. मग हात एकदम थांबवला. जुडगा पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. हात म्हणजे क्रेनची गाडी, जुडगा म्हणजे माल.

"पाह्य, गाडी थांबली. माल थांबला का? मालाले काय माहीत, गाडी थांबली म्हणून."

मग त्यांनी तेच पुन्हा केलं. या वेळी हात हळू सुरू केला, मध्ये वेग घेतला आणि शेवटी हळू केला. जुडगा झुलला, पण थोडाच. तिसऱ्यांदा हात थांबवल्यावर जुडगा पुढे गेला, तसा त्यांनी हातही बोटभर पुढे नेला आणि जुडगा जागच्या जागी उभा राहिला. "याले झोका पकडणं म्हणतो आम्ही. नवा पोरगा झोका पकडू शकत नाही, म्हणून त्याच्या हाती माल देत नाही." तीस वर्षं ते टनावारी लोखंड डोक्यावरून नेत होते, खाली माणसं काम करत होती. हातातला झोका हा त्यांच्यासाठी जिवाचा प्रश्न होता.

डिस्नेच्या स्टुडिओत आयुष्य घालवलेल्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली ॲनिमेशनची बारा तत्त्वं पुस्तकात मांडली. हालचाल हळू सुरू होते आणि हळू संपते, हे त्यातलं एक. मुख्य शरीर थांबल्यावरही त्याला जोडलेल्या गोष्टी पुढे जात राहतात, हे दुसरं. वेणी, पदर, शेपूट, पिशवी, पोट, सगळ्यांना ते लागू आहे. हे पुस्तक मी पुढे संस्थेच्या ग्रंथालयात वाचलं. ती दोन तत्त्वं वाचताना माझ्या डोळ्यांसमोर सुतळीचा जुडगाच होता.

म्हणून मुलांना सांगते, घरात ज्याच्या हाताला वजनाची ओळख आहे त्याच्याजवळ बसा. वेल्डर, सुतार, गिरणीवाला, पाण्याची कळशी उचलणारी आजी. त्यांना विचारा आणि त्यांना काम करताना काढा. दुसऱ्या मुलाखतीत मी बाबांच्या तीन हालचाली क्रमवार काढून नेल्या होत्या, त्यातल्या जुडग्याच्या जागा बाणांनी दाखवल्या होत्या. समोरच्यांनी सगळ्यात जास्त वेळ त्याच पानावर घालवला.

४. एक तरी गोष्ट हलवून दाखवा

फाइलमध्ये स्थिर चित्रं कितीही चांगली असली, तरी अर्ज ॲनिमेशनसाठी आहे. एक छोटं फ्लिपबुक सोबत ठेवाच. त्याला संगणक लागत नाही. खिडकीची काच किंवा काचेखाली ठेवलेला दिवा, पातळ कागद आणि एका कडेनं घट्ट शिवलेली गड्डी एवढं पुरतं. सिनेमात सेकंदाला २४ चौकटी असतात. एक चित्र दोन चौकटींसाठी वापरलं तर सेकंदाला १२ चित्रं लागतात.

माझं फ्लिपबुक गेडीचं होतं. छत्तीसगडात हरेलीच्या सणाला मुलं गेडीवर चढतात. आपल्याकडे त्या दिवशी दिव्याची अवस असते. गेडी म्हणजे दोन बांबू, त्यांना पाय ठेवायला आडव्या पट्ट्या, आणि चिखलातून रच-रच आवाज करत चालणारी पोरं. दुर्गजवळच्या एका गावी मैत्रिणीच्या घरी मी हरेलीला गेले होते. घरी येऊन २४ कागदांवर चार पावलं काढली, गड्डी शिवली, अंगठ्यानं पानं सोडली. पोरगा चालत होता, पण खोटा चालत होता. काय चुकतंय ते दोन दिवस कळेना.

पुन्हा त्या गावी गेले आणि फक्त हात पाहिले. आपण चालतो तेव्हा उजवा पाय पुढे जातो तसा डावा हात पुढे जातो. गेडीवर तसं होऊच शकत नाही. ज्या बांबूवर उजवा पाय आहे तोच बांबू उजव्या हातात आहे. उजवा हात आणि उजवा पाय एकदमच पुढे जातात, त्यामुळे अर्धं शरीर दार उघडावं तसं वळतं. शिवाय गेडीवर उभं राहता येत नाही. थांबलं की पडलं. पोरगा जागच्या जागी असला तरी पाय हलवतच राहतो. मी हे सगळं पाहिलं होतं, पण हातानं सवयीचं चालणं काढलं होतं. नवी २४ चित्रं काढली. या वेळी मैत्रिणीच्या धाकट्या भावानं पुस्तक फडफडवलं आणि ओरडला, "ये तो राजू हे!" राजू त्याच्या शेजारचा होता.

पोर्टफोलिओत मी दोन्ही गड्ड्या ठेवल्या, चुकलेली आणि सुधारलेली. मधल्या पानावर काय चुकलं ते लिहिलं. तुम्हीही चुकलेलं टाकून देऊ नका.

इथं दादासाहेब फाळक्यांची आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९१२ साली ते लंडनहून परतले तेव्हा त्यांना पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी पैसे हवे होते आणि कुणाचा विश्वास नव्हता. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून अधिक दिवस रोज एक चौकट घेतली. बी रुजतं, अंकुर येतो, वेल वर चढतो, हे पडद्यावर मिनिटभरात दिसलं. 'अंकुराची वाढ' दाखवून त्यांनी भांडवल देणाऱ्यांना राजी केलं आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. माझ्या मते मराठी माणसानं केलेला सगळ्यात उत्तम पोर्टफोलिओ तोच. एक कुंडी, एक रोप, एका मिनिटाचं काम आणि महिनाभराचा धीर.

५. तीजनबाईंचा तंबोरा

भिलाईजवळच्या गनियारीच्या पंडवानी गायिका तीजनबाई आम्हा भिलाईच्या मुलांना घरच्याच वाटत. स्टील प्लांटनं त्यांना नोकरी दिली होती. पुढे पद्मभूषण, २०१९ साली पद्मविभूषण. पंडवानी, म्हणजे महाभारताच्या कथा, गाताना त्या एकट्या उभ्या राहत, हातात एक तंबोरा. तो खांद्यावर गेला की भीमाची गदा होई, आडवा धरला की अर्जुनाचं धनुष्य. समोर बसलेल्या पाच वर्षांच्या पोरालाही ते कळे, कारण प्रत्येक वेळी सगळं शरीर बदले. गदा धरताना पाय फाकत, गुडघे वाकत, मान आत जाई. धनुष्य धरताना कणा ताणला जाई.

पात्र उभं कसं करायचं याचा याहून चांगला वर्ग मला कुठं मिळाला नाही. एक युक्ती सांगते. पात्र काढून झालं की ते आतून पूर्ण काळं करा. फक्त बाह्यरेषा उरली असतानाही कोण आहे आणि काय करतो आहे ते कळलं पाहिजे. कळत नसेल तर डोळे-नाक कितीही सुंदर काढा, उपयोग नाही. पोर्टफोलिओत स्वतःची दोन-तीन पात्रं ठेवा. प्रत्येक पात्र समोरून, तिरपं, बाजूनं आणि मागून, एकाच उंचीवर, डोक्यापासून पायापर्यंत आडव्या रेघा आखून. मग त्याच पात्राच्या चार-पाच मुद्रा. ती पात्रं तुमच्या गल्लीतली असू द्या. माझी होती ती दूधवाला, शाळेच्या बसमधली मदतनीस आणि बाजूच्या क्वार्टरमधल्या, गुडघेदुखीमुळे जिना आडव्या चालीनं उतरणाऱ्या मावशी.

६. हात आणि पाय

सगळेच टाळतात, मीही टाळायचे. खिशात घातलेले हात आणि गवतात लपलेले पाय पाहिले की परीक्षकाला लगेच कळतं. आईचे पोळ्या लाटतानाचे हात महिनाभर काढा. त्यात सगळं आहे.

७. मैत्रीबागेतली जनावरं

भारत-सोव्हिएत मैत्रीच्या नावानं उभी राहिलेली मैत्रीबाग आमच्या लहानपणी सहलीची जागा होती. तिथले पांढरे वाघ सगळ्यांना माहीत आहेत. वाघ सकाळी लवकर फेऱ्या मारतो, दुपारी झोपतो. दोन्ही काढा. झोपलेल्या वाघावर हाडं आणि स्नायू शांतपणे समजून घेता येतात, फेऱ्या मारणाऱ्यावर खांद्याची हालचाल. चार पायांचं जनावर चालताना खांद्याची हाडं पाठीच्या वर आळीपाळीनं येतात, हे मला तिथं कळलं. पुस्तकातला सांगाड्याचा नकाशा आधी घरी दोनदा काढून जा, म्हणजे कातड्याखाली काय शोधायचं ते कळेल. गाय, कुत्रा, शेळी तर दारातच आहेत. घोरपड दिसली तर सोडू नका.

८. गोष्ट सहा चौकटींत, संवादाशिवाय

बहुतेक ठिकाणी स्टोरीबोर्ड मागतात किंवा तिथंच बसवून करायला लावतात. मुलं इथं फार मोठी गोष्ट घेतात: जग वाचवणारा नायक, अंतराळ, प्रलय. सहा चौकटींत प्रलय मावत नाही. छोटं घ्या.

व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांची चित्रं घरी असतील तर काढून पाहा, नसतील तर ग्रंथालयातून आणा. 'मोहिनी' मासिकाचं त्यांचं एक जुनं मुखपृष्ठ प्रसिद्ध आहे. शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या साडीवर मांजरं आणि पुरुषाच्या शर्टावर उंदीर. एकही शब्द नाही आणि पुढची सगळी गोष्ट पाहणाऱ्याच्या मनात सुरू होते. ॲनिमेशनपट करणाऱ्या गीतांजली राव मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकल्या. त्यांचा 'प्रिंटेड रेनबो' २००६ साली कान महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहात गौरवला गेला. त्यात एक एकटी म्हातारी आहे, तिचं मांजर आहे आणि काडेपेटीवरची चित्रं आहेत. एवढ्याच सामानातून त्यांनी किती मोठं जग उभं केलं ते पाहा.

मी सायकलची उतरलेली चेन घेतली होती. पहाटे पाचची वेळ, पहिल्या पाळीला निघालेला माणूस, अंधारात चेन उतरते. तो काळ्या हातांनी ती बसवतो. गेटवर पोचल्यावर ओळखीचा माणूस हात पुढे करतो. हा आपला काळा हात मागे घेतो आणि कोपर पुढे करतो. तोही कोपरच पुढे करतो. एवढंच. पहिल्या आराखड्यात सगळ्या चौकटी एकाच अंतरावरून पाहिल्यासारख्या होत्या, सहा पासपोर्ट फोटो लावल्यासारख्या. मग एक अगदी दुरून, प्लांटच्या चिमण्या आणि रस्त्यावर एक ठिपका. एक अगदी जवळून, चेन आणि बोटं. हा फेरफार केला आणि गोष्ट हलायला लागली.

९. किती, कशी, कोणत्या क्रमानं

माझ्या पहिल्या फाइलमध्ये चाळीस चित्रं होती, दुसरीत अठरा पानं. पंधरा ते वीस पानं पुष्कळ होतात. पाहणारा तुमची पातळी सगळ्यात कच्च्या चित्रावरून ठरवतो, म्हणून शंका असेल ते चित्र काढून टाकाच. कुणाला तरी, शक्यतो चित्रकलेशी संबंध नसलेल्या माणसाला फाइल दाखवा आणि तो कुठं थांबतो ते पाहा. तो जिथं थांबला ते पान पहिलं, त्याच्या खालोखालचं शेवटचं.

प्रत्येक पानाखाली बारीक अक्षरांत जागा, माध्यम आणि लागलेला वेळ लिहा: "दुर्ग स्टेशन, बॉलपेन, ३० सेकंद". अर्ध्या मिनिटाचं चित्र आणि सहा तासांचं चित्र एका मापानं मोजलं जाऊ नये. पानावर एकच चित्र हवं असं नाही. पंधरा झटपट रेखाटनं एका पानावर नीट मांडली तर सुंदर दिसतात. मूळ वह्या बरोबर न्या. चहाचे डाग पडलेल्या, कोपरे मुडपलेल्या वह्या पाहायला परीक्षकांना मनापासून आवडतात.

आता बऱ्याच ठिकाणी पीडीएफ पाठवावी लागते. फोटो काढायचे तर सकाळी, उत्तरेच्या खिडकीपाशी, फ्लॅश न वापरता, कॅमेरा कागदाला समांतर ठेवून. पेन्सिलचं काम पिवळं किंवा राखाडी दिसता कामा नये. कागदाची कड सरळ हवी. इतक्या मेहनतीचं काम वाकड्या फोटोनं घालवू नका.

आणि पोर्टफोलिओतलं प्रत्येक चित्र तुमच्याच हातचं हवं. सरांनी "जरा नीट" केलेली एक रेघही नको. मुलाखतीत शेजारी बसवून काढायला लावतात. तिथं सर नसतात.

१०. कुठं अर्ज करायचा

अहमदाबादच्या एनआयडीत ॲनिमेशन फिल्म डिझाइन आहे. तिथं प्रवेश परीक्षा दोन टप्प्यांत होते. मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसीत ॲनिमेशनचं पदव्युत्तर शिक्षण आहे, त्यासाठी आधी सीड ही परीक्षा. बारावीनंतर डिझाइनला जायचं तर आयआयटीचीच यूसीड, ती २०१५ पासून सुरू झाली. पदव्युत्तर प्रवेशाच्या मुलाखतीत पोर्टफोलिओ फार बारकाईनं पाहिला जातो. जे. जे.ची उपयोजित कला हाही उत्तम रस्ता आहे, गीतांजली राव तिथूनच आल्या. आणि आपल्या शेजारी खैरागढला इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे, १९५६ पासूनचं. चित्रकला-शिल्पकलेचा पाया तिथं पक्का होतो. भिलाईची मुलं घराजवळचं ते विद्यापीठ विसरून लांब पाहतात याचं मला वाईट वाटतं. परदेशी जायचं असेल तर कॅनडातल्या शेरिडनसारख्या कॉलेजात फाइलमध्ये काय काय हवं त्याची यादीच देतात. कॅलिफोर्नियातल्या कॅलआर्ट्सचा भर प्रत्यक्ष पाहून काढलेल्या चित्रांवर आणि स्केचबुकवर असतो. नियम दरवर्षी बदलतात. माहितीपुस्तिका स्वतः वाचा, क्लासवाल्यांच्या सांगण्यावर राहू नका. मी राहिले होते.

विज्ञान शाखेतल्या मुलांनी घाबरू नये. भारतीय ॲनिमेशनचे पितामह मानले जाणारे राम मोहन विज्ञान शिकून आले होते. १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात डिस्नेहून आलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली ते तयार झाले.

११. सामानावर पैसे घालवू नका

टू-बी आणि सिक्स-बी पेन्सिली, काळं बॉलपेन, थोडा चारकोल, कॅम्लिनचे पोस्टर कलर, कोऱ्या कागदाच्या दोन-चार वह्या. वर्षभर एवढ्यात निघतं. ग्राफिक टॅबलेट नसल्यामुळे प्रवेश नाकारलेला मुलगा माझ्या पाहण्यात नाही. महाग वहीत हात आखडतो. स्वस्त वही बिनधास्त भरते.

१२. आईबाबांना

हे शेवटचं तुमच्यासाठी. मुलीनं स्टेशनवर बसून चित्रं काढायची म्हटल्यावर आमच्या घरीही आधी नकोच म्हणाले होते. लोक काय म्हणतील, कुणी त्रास दिला तर, आणि यातून पोट भरेल का. बाबांनी त्यावर एकच तोड काढली. ते वर्षभर रविवारी माझ्या शेजारी बाकावर बसले. रात्रपाळी करून आले तरी बसले. वर्तमानपत्र उघडायचे, अर्ध्या तासात डुलक्या घ्यायचे. माझ्या पहिल्या वहीच्या निम्म्या पानांवर डुलकी घेणारे बाबा आहेत: मान उजवीकडे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, वर्तमानपत्र गुडघ्यावरून घसरतंय.

दुसऱ्या मुलाखतीत ती वही उघडून एका परीक्षकांनी विचारलं, "हे गृहस्थ सगळीकडे कसे?" मी म्हणाले, "ते माझे बाबा. सोबतीला येतात."

तुमच्या मुलीला पाहण्याची हौस असेल तर तिला क्लासची फी देण्याआधी एका वर्षाचे रविवार द्या. दुर्गच्या प्लॅटफॉर्मवर बाक पुष्कळ आहेत.